किलोमीटर दोनशे चौदा

शुक्रवारी कॅम्पात बनियन वाळतात, कुणी केस कापून घेतो.
मी टेकबहादूरची सायकल मागून निघतो
कुंपणाच्या कडेकडेनं,
हरदच्या अलीकडे, किलोमीटर दोनशे चौदापर्यंत.

गळ्यात वर्गीसचा कॅमेरा.
फायनल एक्झिटवर जाताना
तीनशे रियाल म्हणाला, दोनशेत दिला,
आणि जाता जाता म्हणाला,
आत एक कण आहे. निघत नाही.
मी चार वर्षं पुसतोय.

जानेवारीत दोन रात्री पाऊस लागला होता.
तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रुळांवरची वाळूच उपसत होतो,
वर कोण बघतं.
आणि आता मार्चात, दक्षिणेच्या अंगाला
हे जांभळं पसरलंय,
मधेच पिवळं, जणू कुणाची हळद सांडली.

इद्रिस, सुदानचा, दुसऱ्याची मेंढरं राखतो.
जांभळ्याला म्हणाला खुझामा.
पिवळ्याला नुवैर.
एका पांढऱ्याला काहीच म्हणाला नाही.
ते मेंढ्या खात नाहीत,
मग नाव कशाला.

चार चाळीसची मालगाडी, दम्मामहून रियाधला.
सहा दिवस ती माझ्या अंगावरून जाते
आणि मी तिला पाहिलेलं नाही.
भोंगा झाला की लोडर मागे घ्यायचा,
खाली उतरायचं, तोंडाला फडकं, गाडीकडे पाठ.
पेट्या जाईपर्यंत मानेवर वाळू टोचत राहते.
गाडी मला पाठीला माहीत आहे.

आमच्याकडे पाचोऱ्याहून जामनेरला छोटी गाडी जायची.
बाभळी फुलल्या की खिडकीतून हात काढून
पिवळे गोंडे ओरबाडायचो,
काटा लागला की पुढच्या स्टेशनापर्यंत बोट चोखायचो.
तिचा एक फोटो नाही माझ्याकडे.
रोजच्या गाडीचा फोटो कोण काढतं.
ती बंद पडल्याचं मला इथंच कळलं,
कँटीनच्या रांगेत, हातात ताट.

चार वाजले. वारा पडला.
फ्रेम लावता लावता दिसलं
की फुलं सपाटीवर नाहीतच.
सपाटी तशीच, करडी, टक्कल पडलेली.
फुलं आहेत ती ढिगावर,
दोन वर्षं मी बकेटनं उचलून
कुंपणापलीकडे ओतलेल्या ढिगावर.
शिव्या देत ओतलेल्या, हे पण सांगायला हवं.

चार चाळीस. गाडी नाही.
चार पन्नास. इद्रिसची मेंढरं ढिगावर चढली.
मी ओरडलो, हात केले, मराठीतच ओरडलो.
तो हसला. ती भुकेली आहेत, म्हणाला,
तुझी गाडी काही भुकेली नाही.

आणि तेवढ्यात ती आली.
लांबून, हळू, आवाजाच्या आधी.
लाल पेटी, निळी पेटी, गंजलेली,
एक नुसताच रिकामा सपाट डबा,
त्यावर ऊन बसलेलं.
इद्रिसनं काठी उंच केली.
ड्रायव्हरनं भोंगा दिला, खिडकीतून एक हात दिसला,
बाही दुमडलेली.
म्हणजे इतके दिवस आत कुणीतरी होतं.

अकरा फोटो निघाले.
सात हलले, दोघांत माझीच सावली,
एकात नुसती काठी.
एक बरा आहे.
मेंढी कॅमेऱ्याकडे बघतेय, तोंडात जांभळी काडी,
मागून लाल पेटी चाललीय.

शनिवारी वाळू पुन्हा होतीच.
मी बकेट उत्तरेला नेऊन रिकामी केली.
सुपरवायझरनं विचारलं नाही.

रात्री बहिणीचा, सुमित्राचा, मेसेज आला.
फुलं छान. मेंढी तर फारच.
पण वर उजव्या कोपऱ्यात ती घार कसली रे?
मागच्या फोटोतही होती.

मी टाइप केलं, कण आहे. मग खोडलं.
लिहिलं, हो.
गाडीबरोबर येते.